एक सत्र परदेशात, पदवी मालवणातच

परदेशी शिक्षणाची चर्चा आपल्याकडे दोनच टोकांना होते. एका टोकाला जमीन गहाण टाकून अमेरिकेत एम.एस. करणारा मुलगा, दुसऱ्या टोकाला ‘इथे काय कमी आहे?’ असे विचारणारे शेजारी. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे पदवी इथल्याच कॉलेजची घ्यायची आणि शिकत असताना एक सत्र बाहेर काढून परत यायचे. तिच्याबद्दल सिंधुदुर्गात कोणी बोलताना दिसत नाही. खरे तर या जिल्ह्याला तीच वाट सर्वांत सोयीची आहे.

मालवण तालुक्यातल्या आमच्या तोंडवलीचेच घ्या. तोंडवली-तळाशीलच्या पट्ट्याला एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. पावसाळ्यातल्या उधाणात वाळू जाते, किनाऱ्यावरच्या माडांची मुळे उघडी पडतात, मग निवेदने दिली जातात आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी काळा दगड येऊन पडतो. दगड टाकल्यावर शेजारच्या वाळूचे काय होते, हे दर महिन्याला मोजून ठेवायला कोणी हवे ना? गावातली विज्ञान शाखेची मुले हे काम करू शकतात, पण त्यांच्या अभ्यासक्रमात समुद्र येतो तो पुस्तकापुरताच.

अशी मोजणी शिकायला मिळते ती नेदरलँड्ससारख्या देशात. तिथे 1953 च्या पुरात 1,836 माणसे गेली. त्या देशाने आधी मोठमोठे बांध घातले आणि पुढे वाळूचा उपयोग करून पाहिला. 2011 मध्ये हेग शहराजवळच्या किनाऱ्यावर 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचा एक कृत्रिम भूभाग उभारण्यात आला. लाटा, वारा आणि प्रवाह यांनी ती वाळू वर्षानुवर्षे आजूबाजूला पसरवावी आणि किनारा आपला आपण भरत जावा, ही त्यामागची कल्पना. वाळू कुठे सरकली याची मोजणी तेव्हापासून सातत्याने होत आहे. हा उपाय तळाशीलला जसाच्या तसा लागू पडेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आपला नैऋत्य मोसमी पाऊस वेगळा, खाडीचे तोंड वेगळे, आणि एवढी वाळू आणायची कुठून हाही प्रश्न आहेच. पण मोजणी कशी करतात, नकाशे कसे काढतात, ग्रामस्थांना बैठकीत आकडे कसे समजावून सांगतात, हे एका सत्रात शिकता येते आणि परतल्यावर इथे लगेच वापरता येते.

‘शिकान झील परत येतलो काय?’ हा गावातला नेहमीचा सवाल. सवाल रास्त आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले, मायदेशी परतले आणि 1902 मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण एका परांजप्यांवरून सगळ्यांची हमी देता येत नाही. सत्रापुरत्या शिक्षणात मात्र परत येणे मुळातच धरलेले असते, कारण नाव इथल्या कॉलेजात, शेवटची परीक्षा इथे आणि पदवीही इथलीच. पूर्ण पदवीसाठी कर्ज काढून गेलेल्या मुलाला फेडीसाठी तिथेच नोकरी शोधावी लागते. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

अडचण येते ती पैशाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर तिथले शिक्षण अर्धवट टाकून त्यांना 1917 मध्ये परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसाची ही दैना, तर रापणीवर जाणाऱ्या मच्छीमार बापाच्या मुलीने काय करावे? आज शाहू महाराजांच्याच नावाने राज्य सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्ती देते, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला एका सत्रासाठी तिचा उपयोग नाही.

एका सत्रापुरते परदेशात शिकता यावे, हा विचार युरोपने 1987 मध्येच केला. ‘इरॅस्मस’ योजनेत पहिल्या वर्षी 3,244 विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. आजवर या योजनेचा लाभ घेतलेल्यांची एकूण संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. दोन विद्यापीठांत सामंजस्य करार असला की यजमान विद्यापीठ सहसा वेगळे शिक्षणशुल्क घेत नाही, राहतो तो राहण्या-खाण्याचा खर्च. उदाहरणार्थ, जर्मनी व्हिसासाठी महिन्याला 992 युरो हाताशी असल्याचा पुरावा मागते. म्हणजे सहा महिन्यांचे सुमारे सहा हजार युरो, आपले सहा लाखांच्या आसपास रुपये. मच्छीमार कुटुंबाला ही रक्कम झेपणारी नाही. सरकारी तिजोरीला ती जड नाही, विशेषतः दोन वर्षांच्या परदेशी पदवीच्या खर्चाशी ताडून पाहिली तर.

नियमांची आडकाठी पूर्वी होती, आता तेवढी उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून चालवायच्या ‘ट्विनिंग’ पद्धतीत 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवता येतात. त्यासाठी भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान 3.01 गुण किंवा तत्सम दर्जा लागतो. ग्रामीण कॉलेज इथेच अडते. पण मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय काय किंवा जिल्ह्यातली इतर कॉलेजे काय, ती संलग्न आहेत मुंबई विद्यापीठाशी, आणि त्या विद्यापीठाला 2021 मध्ये 3.65 गुणांसह ए डबल प्लस श्रेणी मिळाली आहे. ती श्रेणी फक्त मुंबईतल्या कलिना आणि फोर्ट संकुलांच्या कामी का यावी?

तेव्हा मुंबई विद्यापीठाने किनारी अभियांत्रिकी, मत्स्यविज्ञान आणि सागरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या परदेशी विद्यापीठांशी सत्रापुरते करार करावेत, आणि त्यातल्या काही जागा मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांतल्या कॉलेजांसाठी राखून ठेवाव्यात. राज्य सरकारने परदेशी शिष्यवृत्तीच्या योजनांत पदवीच्या एका सत्राची तरतूद करावी. जिल्ह्यातल्या प्राचार्यांनी एकत्र बसून तसा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, तोंडवली (ता. मालवण)