कोळशासोबत पेंढा तापवला, तर इंधन कितपत स्वच्छ?

कोळसा आणि वनस्पतिजन्य जैवभार एकत्र तापवून ‘स्वच्छ’ इंधन मिळवल्याची बातमी अधूनमधून झळकते. तिच्यातील रसायनशास्त्र खोटे नसते. ‘स्वच्छ’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो.

हवेचा संपर्क टाळून हे पदार्थ तापवले की त्यांतील मोठे रेणू तुटतात. वायू, तेल व डांबर बाहेर पडते आणि मागे ‘चार’ नावाचा कर्बयुक्त घन अवशेष उरतो. कोळशात हायड्रोजनची वानवा, जैवभारात तो कार्बनच्या तुलनेत भरपूर. हा हायड्रोजन कोळशाच्या तुटलेल्या रेणूंना वेळेवर मिळाला, तर ते पुन्हा जुळून चार बनण्याऐवजी वायू-तेलाच्या रूपाने निसटतील, अशी अपेक्षा असते. पण जैवभार साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसदरम्यान विघटित होतो आणि कोळशाचे विघटन ४०० अंशांच्या आसपास जोर धरते. भट्टी सावकाश तापवली, तर कोळशाची पाळी येईपर्यंत हायड्रोजन उडून गेलेला असतो. म्हणूनच काही प्रयोगांत लाभ दिसतो, काहींत दोहोंची निव्वळ सरासरी. तापवण्याचा वेग, कणांचा आकार आणि मिश्रणाचे प्रमाण न सांगता केलेल्या दाव्याला फारसा अर्थ नाही.

भारतात खरी अडचण राखेची आहे. देशी औष्णिक कोळशात ती बहुधा ३० ते ४५ टक्के असते. भाताच्या पेंढ्यातही ती १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकते आणि तीत सिलिका व पोटॅशियम असते. पोटॅशियम हे चारचे वायूत रूपांतर वेगाने घडवणारे उत्प्रेरक. पण सिलिकाशी संयोग झाला की त्याचा तो गुण संपतो, वर कमी तापमानाला वितळणारा काचेसारखा थर भट्टीच्या भिंतींवर चढतो. लाकडाच्या भुशात राख जेमतेम एक टक्का, त्यामुळे प्रयोगाला तो सोयीचा. पंजाब-हरियाणाच्या शेतांत दर हिवाळ्याच्या तोंडावर जळतो तो भुसा नव्हे.

औष्णिक केंद्रांत कोळशासोबत जैवभाराच्या गोळ्या जाळण्याचे केंद्राचे धोरण आहेच. ते सहज्वलन, तुलनेने सोपे. कोळशाच्या वायुरूपीकरणासाठीही जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली; २०३० पर्यंत १० कोटी टनांचे उद्दिष्ट आहे. या पैशाचा काही भाग भरपूर राखेचा देशी कोळसा आणि प्रत्यक्ष शेतातला पेंढा यांच्या एकत्रित चाचण्यांसाठी राखून ठेवायला हवा. निष्कर्षांत केवळ वायूचे उत्पादन नको. डांबर, राख, भट्टीची झीज हेही हवे. कोळशातला जीवाश्म कार्बन शेवटी वातावरणातच जातो, हेही त्याच तक्त्यात लिहावे.

शिवाय वाहतूक आहेच. भातकापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन आठवडे असतात. भट्टीला पेंढा बारा महिने लागतो. गाठी बांधणे, कोरड्या ठेवणे, वाहून नेणे यांचा खर्च कोण सोसणार, याचे उत्तर कोणत्याही भट्टीच्या आराखड्यात सापडत नाही.