विषयपत्रिकेवर काय असतं?



डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक गावांत जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. जुन्या मंडळांच्या मुदती 2021 च्या अखेरीपासून संपत गेल्या आणि इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयात रेंगाळला. नगरपरिषदेचं काम मात्र या काळात एक दिवसही थांबलं नव्हतं. पाणीपट्टीची बिलं निघत होती, गटारांच्या निविदा उघडल्या जात होत्या, कचऱ्याच्या ठेक्यांना मुदतवाढ मिळत होती. पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि ‘सर्वानुमते मंजूर’ करणारेही तेच!

आता सभागृहात पुन्हा लोकांनी निवडून दिलेली माणसं बसू लागली आहेत आणि त्यातल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. 1990 साली राज्याने 30 टक्के जागा राखून ठेवल्या, 1993 पासून 74 व्या घटनादुरुस्तीने त्या एक तृतीयांश झाल्या, 2011 मध्ये निम्म्या. तीस-पस्तीस वर्षांचा हा प्रवास आपल्यातल्या अनेकजणींनी डोळ्यांनी पाहिला आहे. तरी वर्तमानपत्रं लिहितात ती अजून तेच: नगरसेविकेच्या खुर्चीमागे बसणारे पतिराज, सत्काराच्या फलकावर बाईंचं नाव आणि नवऱ्याचा फोन नंबर. खोटं नाही ते. पण मला त्या चर्चेचा आता कंटाळा आला आहे. सभागृहात बाई बोलते की नवरा, यावर आपण इतकं बोललो की सभागृहात बोललं काय जातं ते विचारायचंच राहून जातं.

म्हणून या वेळी सर्वसाधारण सभेविषयी लिहायचं ठरवलं.

आमच्या तालुक्याच्या गावी मी आणि आमच्या गटातल्या दोघी-तिघी प्रशासक येण्याच्या आधीपासून सभेला जाऊन बसतो. कायद्याने ही सभा निदान दोन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे, तिची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे, आणि अध्यक्षांनी एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं नाही तर ती सर्वांना खुली असते. हे पहिल्यांदा दारावरच्या शिपाईमामांनाच सांगावं लागलं. “ताई, निवेदन द्यायचंय का? मग साहेबांच्या केबिनला जा.” निवेदन द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे, हे त्यांच्या पचनी पडेना. बायका नगरपरिषदेत येतात त्या हंडा घेऊन किंवा दाखला मागायला. वही-पेन घेऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या बायका म्हणजे काहीतरी भानगड असणार!

सभा सुरू होते ती ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयाने. वाचत कोणीच नाही, कायम होतं. मग एकेक विषय: अमुक प्रभागात काँक्रीट रस्ता करणेकामी आलेल्या निविदांवर विचार करणे, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे, आठवडे बाजार व दैनिक बाजार फी वसुलीचा ठेका देणे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर. चाळीसेक विषय कधी कधी तासाभरात आटोपतात. शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. यावर डोळा ठेवावा. सात दिवस आधी कळलं असतं तर कोणीतरी हरकत घेतली असती, असं बरंच काही ऐनवेळी येतं.

काही सभा ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ज्याचं बिल निघतं ते विषयपत्रिकेवर येतं. ज्याचं बिल निघत नाही ते येत नाही.

पाण्याचंच घ्या. नवी जलवाहिनी टाकायची असेल तर विषय येतो, कारण त्यात निविदा आहे. पण नळाला पाणी पहाटे चारला सोडायचं की संध्याकाळी सहाला, हा विषय मी एकाही विषयपत्रिकेवर पाहिलेला नाही. ते व्हॉल्व्हमन ठरवतो, किंवा त्याला फोन करणारा ठरवतो. आमच्या गावात वरच्या वस्तीला पहाटे पाणी येतं. तिथल्या बायका साडेतीनला उठतात, पाणी भरतात, डबे करतात आणि सातला कामावर जातात. त्यांची झोप कोणत्याही लेखाशीर्षात बसत नाही. बरं, पाण्याची वेळ बदलायला पैसा लागत नाही, म्हणून तिला मंजुरीही लागत नाही, आणि मंजुरी लागत नाही म्हणून चर्चा होत नाही.

बाजार फीचं उलट. तो विषय दरवर्षी येतो, दोन ओळींचा असतो आणि चुटकीसरशी मंजूर होतो. सभागृहाच्या दृष्टीने तो उत्पन्नाचा आकडा. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो रोज सकाळी येणारा, पावती न फाडता पैसे मागणारा माणूस. ठेक्याच्या अटींची नक्कल आम्ही माहितीच्या अधिकारात मागवली. अर्जाला महिना गेला, एक स्मरणपत्र गेलं, मग कागद हाती आले. त्यात दर स्पष्ट लिहिलेला होता, पावती दिलीच पाहिजे हे लिहिलेलं होतं, दरफलक लावायचा हेही लिहिलेलं होतं. वसूल होत होते त्याच्या दुप्पट. तो कागद घेऊन बाजारातल्या बायका स्वतः नगरपरिषदेत गेल्या. फलक लागला. वसुलीवाल्याने पहिले काही दिवस जागा उठवण्याची धमकी दिली, पण पावती फाडायला लागला. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असायला हव्यात. ती समिती तुमच्या गावात आहे का, कधी बसली, हे विचारून पाहा. मिळणारं उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणखी एक विषय, ‘घनकचरा संकलन व वाहतूक ठेक्यास मुदतवाढ’. या एका ओळीत गावातल्या सगळ्या कंत्राटी झाडूवाल्या बायका असतात. कायम सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे नोकरीचा हक्क मिळतो. कंत्राटी बाईला हातमोजे मिळतील की नाही हेही ठेकेदाराच्या मर्जीवर. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, आठवड्याची सुटी, गणवेश या गोष्टी मागायची जागा निविदेच्या अटी ही आहे. एकदा निविदा मंजूर झाली की मोर्चा नेला तरी उत्तर ठरलेलं: “तो ठेकेदाराचा विषय आहे.” तसा तो नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते आणि मूळ मालक नगरपरिषदच असते. पण हे सभागृहात उठून कोणीतरी म्हणावं लागतं, आणि म्हणायचं तर विषय क्रमांक किती, ते आधी माहीत असावं लागतं.

‘महिलांचा विषय’ म्हणून सभागृह ओळखतं तो वेगळाच. महिला व बालकल्याण समिती असते आणि अंदाजपत्रकातले निदान पाच टक्के तिच्यासाठी राखून ठेवायचे असतात. हे पाच टक्के मिळवायला चळवळीने कष्ट घेतले आहेत, ते सोडून देऊ नयेत. पण त्यांतून होतं काय? शिवणयंत्रं, ब्यूटी पार्लरचं प्रशिक्षण, आठ मार्चला सत्कार आणि भेटवस्तू. यंत्र मिळालेल्या बाईला विचारा, गावात अजून किती शिवणाऱ्या पोट भरू शकतील! पाच टक्क्यांचा कप्पा दिला की उरलेले पंच्याण्णव टक्के बायकांशी संबंध नसल्यासारखे खर्च करता येतात, ही खरी सोय. गटार बायकांचं नाही, पथदिवे बायकांचे नाहीत, बसस्थानकाजवळचं व्यापारी संकुल तर नाहीच नाही. मग त्या संकुलात दुकानं भरपूर आणि बायकांची मुतारी एकही नाही, याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही.

कारभाराच्या कंटाळवाण्या कागदाला हात घालणं ही काही आजची नवी कल्पना नव्हे. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणत विरोधात उभे राहिलेले ते एकटेच. आणि 1920 साली त्याच नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ते आधी फक्त मुलग्यांसाठी, असं घाटू लागलं, तेव्हा रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने बायका नगरपालिकेवर चालून गेल्या. तेव्हा सभागृहात त्यांची एकही जागा नव्हती. पण कोणता ठराव येतो आहे हे त्यांना ठाऊक होतं.

नव्या नगरसेविकांविषयी थोडं. आमच्याकडे एका पहिलटकर नगरसेविकेने मागच्या मंडळात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या बिलावर विचारलं होतं, “ट्रॅक्टर किती दिवस बंद होता? तेव्हा कचरा कशाने उचलला?” सभागृहात हशा पिकला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “वहिनी, तुम्हाला सवयीने कळेल.” त्या खाली बसल्या. सभा संपल्यावर आम्ही त्यांना गाठलं आणि सांगितलं की प्रश्न बरोबर होता, पुढच्या वेळी तो लेखी द्या, उत्तरही लेखी मागा. त्यांनी तसं केलं. नवऱ्याला ते आवडलं नाही, पक्षालाही नाही. पुन्हा उमेदवारी मिळाली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. राखीव जागा फिरत्या असल्याने तसाही एकेका बाईला एकच डाव मिळतो, शिकेपर्यंत पाच वर्षं सरतात. म्हणून कागद वाचण्याची सवय गावातल्या गटाकडे असावी. मागच्या मंडळात काय ठरलं होतं हे नव्या नगरसेविकेला सांगणारं कोणीतरी तिचा नवरा आणि मुख्याधिकारी सोडून असलं पाहिजे.

सदस्याने लेखी प्रस्ताव दिला तर बिल नसलेला विषयही पत्रिकेवर येऊ शकतो. पाण्याच्या वेळेचा प्रस्ताव आम्ही तयार केला आहे. द्यायला दोन नगरसेविका तयार आहेत, त्या वेगवेगळ्या पक्षांच्या आहेत, त्यामुळे सूचक कोण आणि अनुमोदक कोण यावर अडलं आहे! मंजूर झालेला ठराव बेकायदा किंवा लोकांच्या हिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 308 खाली तो तहकूब करण्याची मागणी करता येते. ती वाट लांबची आहे, पण ठाऊक असू द्या.

आमच्या भाजी बाजारातल्या स्वच्छतागृहाचा ठराव प्रशासकाच्या काळात झाला, निधीही ठेवला गेला. जागेच्या शेजारच्या दुकानदारांनी हरकत घेतली म्हणून काम थांबलं आहे. नव्या मंडळासमोर तो विषय ‘जागा बदलणेबाबत’ म्हणून येईल अशी कुणकुण आहे आणि बदलायची जागा बाजारापासून बरीच लांब, नाल्यापलीकडे आहे. नोटीस लागते का, हे पाहायला आमच्यातली एकजण रोज फलकाकडे चक्कर मारते.

तुमच्या गावच्या सर्वसाधारण सभेची एक विषयपत्रिका मिळवा आणि आमच्याकडे पाठवा. देत नाहीत म्हणाले तर ते कोण म्हणालं, तेही लिहा. पुढच्या अंकात निरनिराळ्या गावांच्या पत्रिका शेजारी शेजारी छापायचा विचार आहे.