कारच्या एसीचं बिल: जीएसटी उतरला, पण तपासणीचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी त्यातले बरेच भाग २८ टक्क्यांत होते. ‘आता गाडीचं काम स्वस्त’ अशी रील्स तेव्हा भरपूर फिरली. हिशोब करून बघू. २८ टक्क्यांतला १०,००० रुपयांचा भाग पूर्वी १२,८०० ला पडायचा, आता ११,८०० ला पडतो. म्हणजे हातात वाचले हजार रुपये, साधारण ७.८ टक्के. मजुरीवर आधीही १८ टक्के होते, आजही १८ आहेत.

हजार रुपये कुणाला नको असतात? पण एसीच्या कामात खरा पैसा टॅक्समध्ये जात नाही. जो भाग बदलायची गरजच नव्हती, तो बदलण्यात जातो.

खामगावात हा विषय दरवर्षी एप्रिलमध्ये पेटतो. पारा चाळिशी ओलांडतो आणि वर्षभर बरा चाललेला एसी अचानक गरम हवा फेकायला लागतो. मग गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: “गॅस संपला, भरून घ्या.” इथेच थांबा. एसीमधला गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती बंद नळ्यांची यंत्रणा आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्यातली उष्णता बाहेर टाकतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, गॅस थंड होऊन केबिनची उष्णता ओढतो. तोच गॅस पुन्हा फिरतो. वर्षानुवर्षं रबरी पाइपांतून आणि सांध्यांतून थोडा झिरपतो, हे खरं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा मारणं.

बरं, गळती नसेल तर? आमच्या घरच्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकचंच उदाहरण घ्या. हायवेवर एसी झकास, गावात गाडी उभी राहिली की गरम. जवळच्या शहरातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, गॅस आणि मजुरी धरून ४१ हजारांचं एस्टिमेट दिलं. कारण लिहिलं होतं, ‘कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो.’ बंद पडत होता, यात खोटं काहीच नव्हतं. पण तो का बंद पडतोय, हे कुणी तपासलं नव्हतं.

खामगावातल्या एसीवाल्या भाऊंनी आधी दोन गेज लावले. एक कमी दाबाच्या नळीला, एक जास्त दाबाच्या. हे आकडे वाचणं फार अवघड नाही. इंजिन आणि एसी चालू असताना दोन्हीकडचा दाब कमी असेल तर गॅस कमी आहे, गळती शोधा. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. दोन्ही बाजू चढलेल्या असतील तर कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये, किंवा कुणीतरी गॅस जास्त भरून ठेवलाय. आमच्या गाडीत दोन्ही चढलेल्या होत्या. पुढचा पंखा कमी वेगावर फिरतच नव्हता, कारण त्याचा रेझिस्टर जळाला होता. हायवेवर समोरून वारा मिळायचा म्हणून काम भागायचं. उभ्या गाडीत दाब चढत जायचा आणि मर्यादा ओलांडली की ईसीयू सुरक्षेसाठी कॉम्प्रेसरच बंद करायचा. भरीला कंडेन्सरच्या पात्यांत धूळ आणि कापसाचा भुसा. जिनिंगच्या गावात तो कुठे नसतो? रेझिस्टर, पंख्याची वायरिंग आणि धुलाई मिळून २,६०० रुपये झाले.

माझ्या धंद्यात याला लॉग न वाचता सर्व्हर बदलणं म्हणतात. तसं कुणी केलं तर मीटिंगमध्ये सोलून काढतात. गाडीच्या बाबतीत मात्र ते बिलावर छापून मिळतं.

पण दोष सर्व्हिस सेंटरमधल्या पोराला देऊन उपयोग नाही. तपासणीला तास-दीड तास लागतो आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. भाग बदलला की बिल होतं. दुसरीकडे, छोट्या गॅरेजवाल्याकडे अनुभव असतो पण कंपनीचा स्कॅनर, वायरिंगची आकृती आणि कधीकधी मूळ भागही नसतो. हा तिढा जुना आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. मुद्दा हाच होता: सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं. नुसतं बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगाने बजावलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं.

मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं आहेत. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर समितीचा अहवाल आला, पण तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सपुरता. उद्या फोन घेताना तो किती सहज दुरुस्त होतो हे कदाचित खोक्यावर दिसेल. आठ लाखांच्या कारबद्दल तशी सोय नाही. मला हे उलटं वाटतं.

तोवर फोन वापरा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लावायचा ब्लूटूथ डोंगल स्वस्तात मिळतो; त्यावर इंजिनचं तापमान आणि एरर कोड दिसतात. एसीची सगळी माहिती मात्र त्यात मिळेलच असं नाही, कारण बरीचशी कंपनीच्या स्वतःच्या कोडमागे असते. त्यापेक्षा कामाचा आहे फोनचा कॅमेरा. बॉनेटखाली स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार आणि किती ग्रॅम हे लिहिलेलं असतं. त्याचा फोटो ठेवा आणि भरताना तेवढाच, वजन करून भरायला सांगा. गेजचे आकडे लावल्यावर आणि कामानंतर, दोन्ही वेळा टिपा. काढलेला जुना भाग परत मागा. एस्टिमेटमध्ये ‘बदलणे’ लिहिलं असेल तर ‘कशावरून?’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा. कुणी फसवलंच, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. तिथे हेच फोटो कामाला येतात.

काही बिलं मात्र खरोखर मोठी असतात. कॉम्प्रेसर आतून फाटला की धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. तेव्हा फक्त कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, यंत्रणा धुऊन ड्रायरही बदलावा लागतो. तिथे कंजूषी केली तर नवा कॉम्प्रेसरही जातो. इव्हॅपोरेटर गळत असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे भागापेक्षा मजुरी जड होते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी जपा. बऱ्याच ईव्हींमध्ये बॅटरीही याच यंत्रणेने थंड होते आणि कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो. त्यात साध्या कारचं तेल गेलं तर इन्सुलेशन बिघडतं.

गॅसचंही गणित बदलणार आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट, म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत सोडला की ७०० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. किगाली करारानुसार भारताला २०२८ पासून अशा गॅसांचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचाय. युरोपात कोटा कापला गेला तेव्हा याच गॅसचे भाव भडकले होते. गळकी गाडी दरवर्षी भरत राहणं तेव्हा परवडणार नाही.

आणि हा फक्त कारवाल्यांचा विषय राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. सुरत-कोलकाता मार्गाचे ट्रक दिवसरात्र खामगाववरून जातात. ड्रायव्हरसाठी हा नियम फार उशिरा आला, पण आला. आणखी काही वर्षांत हे ट्रक वॉरंटीतून बाहेर पडतील आणि मे महिन्यात एखादा नांदुरा-खामगाव पट्ट्यातल्या गॅरेजसमोर उभा राहील. तिथल्या भाऊंकडे गेज नक्की असतील. स्कॅनर आणि वायरिंगची आकृती असेल का, हे त्या पोर्टलवर ट्रक कंपन्या काय टाकतात त्यावर आहे.