गळा कुणाचा, नाव कुणाचे?

वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाची मुले परवा घरी आली होती. “सर, तुमच्या काळच्या डिस्को गाण्यांवर काहीतरी गमतीदार लिहून द्या,” असा त्यांचा आग्रह. मी हो म्हणालो. परंतु लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की ह्या विषयात गंमत पुष्कळ असली तरी त्याच्या तळाशी माझे एक जुने देणे आहे, आणि ते ह्याच अंकाच्या पानांवर फेडावयास हवे. तेव्हा वाचकहो, लेख मध्येच गंभीर झाला तर सांभाळून घ्यावे.

१९८४-८५ साली मी ह्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. माझा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. तो रजेवर आला की परदेशातील गाणी भरलेल्या दोन-चार कॅसेट माझ्या हवाली करी. कव्हरवर बॉलपेनने लिहिलेले असे, ‘डिस्को ३’. बस्स! गाणे कोणते, गायले कोणी, काही नाही. होस्टेलच्या खोलीत कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणायचा, फीत सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची, आणि दार लावून नाचायचे. इंग्रजी शब्द निम्मे कळत नसत. त्यांत एक गाणे असे की दोन बायका दणदणीत आवाजात सांगत, आज आभाळातून पाणी नव्हे, पुरुष बरसणार आहेत! अर्थ कळला त्या दिवशी आम्ही हसून हसून लोळलो. पण हा जबरदस्त गळा कुणाचा, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही.

ही गाणी मुळात रेडिओसाठी नव्हतीच. रेडिओची सात इंची तबकडी तीन-चार मिनिटांत आटोपते, आणि नाचणाऱ्याचे तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे भजनी मंडळी एखादाच चरण घोळवत घोळवत रंगात येतात ना, तसेच हे. म्हणून अमेरिकेत सिंगल गाण्याची बारा इंची तबकडी निघाली. जागा मोठी, त्यामुळे खाचा रुंद. खाचा रुंद, त्यामुळे ढोल आणि खर्ज खणखणीत. १९७६ साली सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोझर ह्या चमूचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे अशा तबकडीवर बाजारात आणले. वॉल्टर गिबन्स ह्या डीजेने ते ताणून नऊ मिनिटांच्या पुढे नेले होते. पुढील दहा वर्षे ही तबकडी क्लबांची राणी झाली. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’मध्ये फ्रँकी नकल्स आणि न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइज गराज’मध्ये लॅरी लेव्हान रात्ररात्र लोकांना नाचवीत. ‘वेअरहाऊस’च्या नावावरूनच त्या संगीताला ‘हाऊस’ हे नाव पडले. तिथे जमणारी पुष्कळशी मंडळी कृष्णवर्णीय, लॅटिन, समलिंगी. ज्यांना बाहेर मान वर करून चालता येत नव्हते ती तिथे मान वर करून नाचत.

आणि गळे? ते बहुधा चर्चमध्ये भक्तिगीते गाऊन तयार झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते. येथूनच माझ्या तक्रारीला आरंभ होतो.

लोलिएटा हॉलोवे ही शिकागोची गायिका. १९८० साली डॅन हार्टमनच्या हातचे ‘लव्ह सेन्सेशन’ हे गाणे तिने गायले. छातीतून उसळणारा, छप्पर उडवील असा तो आवाज. नऊ वर्षांनी, १९८९ साली, इटलीतील ‘ब्लॅक बॉक्स’ ह्या चमूचे ‘राइड ऑन टाइम’ आले आणि ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातील आवाज लोलिएटाचा. सॅम्पलर नावाच्या यंत्राने तो जुन्या तबकडीतून कापून घेतला होता. पडद्यावर मात्र कॅटरिन क्विनॉल ही सडपातळ मॉडेल ओठ हलवीत होती. लोलिएटाला ना पैसा, ना नाव. तिने भांडण मांडले तेव्हा कुठे भरपाईची तडजोड झाली. आमच्याकडे केबल आल्यावर मी ती चित्रफीत पाहिली आणि कित्येक वर्षे त्या मॉडेललाच गायिका समजत होतो! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण त्या बिचाऱ्या मुलीला तरी काय दोष द्यावा? तिला तिथे बसवणारे हात वेगळेच होते.

दुसरी मार्था वॉश. माझ्या ‘डिस्को ३’मधील पुरुषांचा पाऊस पाडणाऱ्या दोघींपैकी ही एक, दुसरी इझोरा आर्मस्टेड. सिल्व्हेस्टर ह्या गायकामागे दोघी साथ करीत, तेव्हा आपल्या देहयष्टीवर स्वतःच विनोद करून त्यांनी जोडीचे नाव ‘टू टन्स ओ फन’ असे ठेवले होते. नंतर त्या ‘वेदर गर्ल्स’ झाल्या. ‘इट्स रेनिंग मेन’ हे १९८२ सालचे गाणे. डॉना समरसारख्या बड्या गायिकेने नाकारलेले ते गाणे ह्या दोघींनी अजरामर केले. पण पुढे काय झाले? १९९० साली ब्लॅक बॉक्सची ‘एव्हरीबडी एव्हरीबडी’सारखी गाणी मार्था गायली, आणि पडद्यावर पुन्हा तीच मॉडेल. त्याच वर्षी ‘सी अँड सी म्यूझिक फॅक्टरी’च्या ‘गोना मेक यू स्वेट’मध्ये आवाज मार्थाचा, चेहरा झेल्मा डेव्हिसचा. गळा हवा, पण स्थूल देह नको! मार्था कोर्टात गेली. तडजोडीत चित्रफितीवर तिचे नाव गायिका म्हणून घालावे लागले. आवाज ज्याचा त्याचे नाव लिहावे, ही साधी गोष्ट त्या धंद्याला शिकवण्यासाठी एका बाईला वकील करावा लागला.

ह्यावर काही रसिक मित्र मला म्हणतात, “अरे, क्लबात नावाचे कौतुक कशाला? तिथे सगळे एकरूप होतात.” ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. इंग्लंडच्या ‘न्यू ऑर्डर’ने १९८३ साली ‘ब्लू मंडे’ ही बारा इंची तबकडी काढली. तिच्या वेष्टनावर चमूचे नाव साध्या अक्षरांत छापलेच नव्हते. रंगांच्या सांकेतिक पट्ट्यांत ते दडवले होते. पण मित्रहो, स्वतः पडद्याआड जाणे वेगळे आणि दुसऱ्याने आपल्याला पडद्याआड ढकलणे वेगळे. पहिल्यात विरक्ती असेल, गंमत असेल. दुसऱ्यात चोरी आहे.

दुसरे कोणी म्हणेल, “आपल्या सिनेमात तरी काय वेगळे? तिथेही एकीचा गळा आणि दुसरीचा चेहरा.” बरोबर आहे, आणि म्हणूनच आपल्याला ह्या विषयात बोलण्याचा अधिकार आहे. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर लता मंगेशकरांचे नाव नव्हते. छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा खरे नाव बाहेर आले. आज आपण पार्श्वगायकांची नावे घडाघडा सांगतो ती अशी मिळवलेली आहेत. कुणी ताटात वाढून दिलेली नाहीत.

आणि तरीही आपली पाटी स्वच्छ आहे असे मी म्हणणार नाही. चरणजीत सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक. वाद्यवृंदात बसून दुसऱ्यांच्या गाण्यांत रंग भरण्यात त्यांचे आयुष्य गेले. १९८२ साली त्यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, त्याची एलपी निघाली. त्यांतल्याच एका यंत्रातून, टीबी-३०३ मधून, शिकागोच्या मुलांनी पुढे ‘अॅसिड हाऊस’ काढले; ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही त्यांची तबकडी १९८७ सालची. म्हणजे आमच्या मुंबईचा माणूस पाच वर्षे आधी त्याच वाटेवर होता. पण ती एलपी चालली नाही, आणि २०१० साली परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. २०१५ साली चरणजीत सिंग वारले. आपण त्यांना ओळखले ते परक्यांनी सांगितल्यावर.

मला ह्या संदर्भात आपल्या संतांच्या व्यवहारचातुर्याचे फार कौतुक वाटते. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. जनाबाईचा अभंग जात्यावर म्हणा की वारीत म्हणा, शेवटी जनीचे नाव घेतल्यावाचून तो पुरा होत नाही. शाहिरांनीही लावणीत तेच केले. नाव गाण्यातच गुंफलेले असल्यामुळे ते गाण्याबरोबर गावोगाव गेले. लोलिएटाच्या गाण्यात अशी मुद्रा नव्हती. आणि असती तरी सॅम्पलरने नेमकी तेवढीच कापून टाकली असती. आज तर कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे आपल्या खिशापर्यंत आली आहेत. तेव्हा नाव जपण्याचे काम आता गाणे करणार नाही. ते ऐकणाऱ्याने केले पाहिजे.

आता ते देणे. त्या १९८५ च्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एक मुलगी ‘आप जैसा कोई’वर नाचणार होती. ऐन वेळी कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतली. प्रेक्षागृहात शिट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा पडद्यामागे वेशभूषेच्या टाचण्या लावीत बसलेली दुसरी मुलगी उठली, तिने माइक हातात घेतला आणि एका बोंगोच्या साथीवर अख्खे गाणे गायली. वन्स मोअर मिळाला. तिने पुन्हा गायले. ती रंगमंचावर एकदाही आली नाही, कारण अंगावर साधी सुती साडी होती आणि पायांत चपला नव्हत्या.

त्या वर्षी ह्या अंकाचा विद्यार्थी-संपादक मी होतो. संमेलनाचा वृत्तान्त मीच लिहिला. नाचणारीचे नाव छापले, फोटो छापला. गाणारीविषयी एक ओळही लिहिली नाही. द्वेष नव्हता, मत्सर नव्हता. मला ते सुचलेच नाही! लोलिएटाचे नाव विसरणाऱ्यांनाही बहुधा असेच सुचले नसावे.

गेल्या आठवड्यात तिला फोन केला. ह्या लेखात तुझे नाव छापतो, म्हणालो. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “चाळीस वर्षांनी? आता नको रे. माझ्या सुनेलासुद्धा ठाऊक नाही मी गात होते ते.” मी पुष्कळ विनवले. तिने ऐकले नाही. फोन ठेवता ठेवता एवढेच म्हणाली, “यंदाच्या गॅदरिंगला पडद्यामागे कोण कोण होतं, ते तुमच्या त्या संपादक मुलांना विचारायला सांग.”

मुलांनो, निरोप पोचवला आहे. वृत्तान्त छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा पडद्यामागे जाऊन या.