डोंगरावरील स्नेह्यांच्या भेटीस जावें तें कसें?

मनुष्य प्रवासास निघतो तो बहुधा दोन हेतूंनीं: एक, स्थळ पाहण्यासाठीं, दुसरा, माणूस भेटण्यासाठीं. हे दोन हेतु दिसण्यांत जवळचे असले तरी त्यांत मोठें अंतर आहे. आणि तें अंतर विशेष स्पष्टपणें दिसतें तें डोंगरावरील एखाद्या लहानशा, आडबाजूच्या गांवीं. अशा गांवीं आपला कोणी स्नेही नोकरीनिमित्त राहत असला, म्हणजे त्याचें घर ही उतरण्याची आयती सोय आहे असें आपण समजूं लागतों, आणि त्याची भेट हें केवळ निमित्त उरतें. हा प्रघात बरा नव्हे, असें आमचें मत आहे. व तें विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आम्हां अंबडकरांस ही गोष्ट फार समजावून सांगण्याची जरुरी नसावी. आपला मुलूख बहुतेक सपाट. डोंगर म्हटला म्हणजे माशाच्या आकाराची मत्स्योदरी देवीची टेकडी तेवढी आपल्या नित्य ओळखीची. नवरात्रांत तेथें यात्रा भरते आणि गांवांत घरोघरीं पाहुणे उतरतात. त्यांपैकीं कोण यात्रेसाठीं आला आणि कोण आपल्यासाठीं आला, हें घरची गृहिणी पहिल्या घटकेंतच ओळखते. यात्रेचा पाहुणा पिशवी ठेवून बाहेर पडतो आणि जेवणाच्या वेळीं परत येतो. आपला पाहुणा आधीं अंथरुणावरील वडिलांची प्रकृति विचारतो, मुलांच्या परीक्षेची चौकशी करितो, आणि मग सवड झाली तर टेकडीकडे जातो. घरांत पाणी कमी असो, जागा अपुरी असो, या दुसऱ्या पाहुण्याचें ओझें कोणास वाटत नाहीं. जो न्याय आपण आपल्या उंबऱ्यावर लावितों, तो दुसऱ्याचा उंबरा ओलांडतांना विसरूं नये.

आतां वऱ्हाडांतील चिखलदऱ्याचें उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंचीवर हें गांव वसलेलें आहे. २०११ च्या शिरगणतींत तेथील लोकवस्ती पांच हजारांच्या आसपास होती. परतवाड्याहून सुमारें तीस किलोमीटर घाट चढून गेल्यावर तें लागतें. भीमानें कीचकाचा वध करून त्यास येथील दरींत लोटून दिलें, अशी आख्यायिका आहे. जवळच गाविलगडचा किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेल्स्लीच्या फौजेनें तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. येथें कॉफीची लागवड होते, हेंही महाराष्ट्रांत एक नवलच. भोंवतालचें अरण्य १९७३-७४ सालीं वाघांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. तेव्हां पाहण्यासारखें तेथें पुष्कळ आहे, हें कोणीही नाकारणार नाहीं. पावसाळ्यांत शनिवार-रविवार आला कीं मोटारींची गर्दी उसळते, ती कांहीं उगीच नव्हे.

परंतु तेथें बारमास राहणाऱ्याच्या बाजूनें क्षणभर विचार करूं या. ज्या धुक्याचें आपण कौतुक करितों, त्या धुक्यांत त्याचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहींत. ज्या घाटाच्या वळणांवर आपण छायाचित्रें घेतों, त्याच वळणांवरून त्यास अवघड दुखण्याचा रोगी खालीं परतवाड्यास किंवा अमरावतीस न्यावा लागतो. सोमवारीं गर्दी ओसरते, आणि मग त्या शांततेंत तो एकटाच राहतो. दुर्गम ठिकाणीं नेमलेला मनुष्य कामाच्या भारानें जितका खचतो त्याहून अधिक तो एकटेपणानें खचतो, असा आमचा अनुभव आहे.

माझे एक सहाध्यायी सपत्नीक कांहीं वर्षें त्या डोंगरांत शिक्षक होते. एका श्रावणांत मी त्यांच्याकडे चार दिवस राहिलों. पाऊस असा लागून राहिला होता कीं, एकही स्थळ पाहणें झालें नाहीं. पहिली रात्र जुन्या सोबत्यांची विचारपूस करण्यांत गेली. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं भीतभीतच आपल्या वर्गाची गोष्ट काढली. वर्गांत बरींच मुलें कोरकू होतीं. कोरकू भाषा मुंडा कुळांतील. मराठीशीं तिचें नातें नाहीं. पहिलींत आलेलें मूल गुरुजींचें बोलणें ऐकून नुसतें पाहत बसे, आणि वरिष्ठ त्यास मंदबुद्धि ठरवीत. "हें मी कोणाशीं बोलूं?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांच्या पत्नीनें मान फिरविली. पुढील दोन दिवस आम्हीं तिघांनीं, दोन मोठ्या कोरकू मुलांस मदतीस घेऊन, पाणी, भाकर, आई, झाड अशा नित्याच्या शब्दांचे कोरकू आणि मराठी तक्ते तयार केले. तक्ते कांहीं फार मोठी विद्या नव्हती. परंतु आपल्या कामांत कोणी तरी मन घातलें, याचें समाधान त्या दोघांच्या मुद्रेवर मीं पाहिलें. यथाकाळ त्यांनीं खालीं बदली मागून घेतली, आणि तो त्यांचा हक्कच होता. तथापि तोंपर्यंत ते तक्ते त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर होते.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस लूककृत शुभवर्तमानांतील एक प्रसंग येथें सहज आठवेल. मरिया यहूदाच्या डोंगराळ मुलुखांतील एका गांवीं आपली नातलग अलीशिबा हिच्या भेटीस लगबगीनें गेली. अलीशिबा वृद्धपणीं गरोदर होती आणि पांच महिने एकांतांत राहिली होती. त्या डोंगराची शोभा कशी होती याविषयीं शुभवर्तमानकार एक अक्षरही लिहीत नाहीं. मरिया घरांत गेली, तिनें अलीशिबेस अभिवंदन केलें, आणि ती सुमारें तीन महिने तिच्यापाशीं राहिली, असें तो सांगतो. डोंगरावरील स्नेह्यांची भेट कशी असावी, याचा याहून चांगला कित्ता आम्हांस ठाऊक नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं, आतां घरोघरीं दूरध्वनि झाला आहे, मुखही पाहतां येतें. मग एवढा घाट चढण्याचें प्रयोजन काय? प्रश्न वाजवी आहे. परंतु दूरध्वनीवर मनुष्य "सर्व ठीक आहे" एवढेंच सांगतो. जें ठीक नाहीं तें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, भाजी निवडतांना किंवा दिवा गेल्यावर अंधारांत बसलें असतां, आपोआप ओठांवर येतें. दुसरे कोणी म्हणतील कीं, जेथें जिन्नस महाग आणि घर लहान, तेथें पाहुणा म्हणून जाणें हेंच ओझें घालणें होय. हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचें उत्तर न जाणें हें नसून, रीतीनें जाणें हें आहे.

ती रीत अवघड नाहीं. आगाऊ कळवावें, आणि त्यांची सवड असेल तेव्हां जावें. गर्दीच्या दिवसांत जाऊं नये. रिकाम्या हातीं जाऊं नये: आपल्या अंबडकडची मोसंबी, ज्वारी, दोन नवीं पुस्तकें, घरच्या मुलांसाठीं वह्या असें कांहीं न्यावें. पाणी भरणें, भाजी निवडणें, भांडीं विसळणें यांत आपला हात असावा. आपल्याबरोबर अनोळखी मंडळींचा तांडा नेऊं नये. एक रात्र राहून पळ काढूं नये. आणि मुख्य म्हणजे, त्यांचें काम काय आहे तें प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा दाखवावी. शाळा असेल तर शाळेंत, दवाखाना असेल तर दवाखान्यांत जाऊन घटकाभर बसावें. किल्ला आणि दऱ्या त्यानंतर खुशाल पाहाव्या. स्नेह्याबरोबर पाहिलेली दरी अधिकच सुंदर दिसते.

मेळघाटांतील बैरागड येथें राहून आदिवासी जनांची सेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांस २०१९ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां सर्व महाराष्ट्रानें टाळ्या वाजविल्या, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्यांचें नांव कोणत्याही वर्तमानपत्रांत येणार नाहीं असे शिक्षक, परिचारिका, वनरक्षक त्याच डोंगरांत आज आपापलें काम करीत आहेत. त्यांस टाळ्यांची अपेक्षा नाहीं, ओळखीचें कोणी दाराशीं येऊन "आहांत का घरीं?" म्हणून हांक मारील तर मात्र त्यांस हवें आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज एका बाकावर बसणाऱ्या तुम्हांपैकीं कोणी उद्यां अशाच एखाद्या डोंगरावर नेमले जातील, आणि कोणी खालीं सुखसोयींच्या शहरीं स्थायिक होतील. जे वर जातील त्यांनीं कामास कंटाळूं नये, एवढें सांगणें सोपें आहे. परंतु आमचें सांगणें खालीं राहणाऱ्यांस अधिक आहे: वर्षांतून एकदां तरी मोसंबीची पिशवी घेऊन तो घाट चढा.