बोक्याचा सीमाप्रश्न

पावसाळ्यात मध्यरात्र उलटली की कौलांवर एक विचित्र सूर लागतो. तान्हे मूल रडते आहे असे प्रथम वाटते. मग त्यात दुसरा सूर मिसळतो, पत्रा वाजतो, एखादे कौल घरंगळते आणि घरातले कोणीतरी कूस बदलत म्हणते, "बोके भांडतायत." तेवढ्याने आपल्यापुरता विषय संपतो. बोक्यापुरता तो तिथे सुरू होतो.

आपण सीमाभागातली माणसे. हद्द म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण हद्दीच्या बाबतीत बोक्याइतका कट्टर प्राणी दुसरा नसेल. माणसांच्या हद्दी तहाने बदलतात, आयोगाने बदलतात. पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या दोन तालुक्यांचेच बघा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादी' म्हणवले जाऊ लागले. १९६१ साली ते मुक्त झाले, १९८७ साली घटक राज्याचा भाग झाले. बोक्याची हद्द मात्र तो स्वतः मूत्राच्या वासाने आखतो आणि रोज फिरून तपासतो. बहुतेक वेळा नजर रोखणे, अंग फुगवणे, ओरडणे एवढ्यावर निभावते. एकानेही माघार घेतली नाही तर मात्र दात आणि नखे बाहेर येतात.

माझी आत्या पेडणे तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. आतोबांना जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा आखातात, मुलगी डिचोलीला दिलेली. घरात आत्या, तिची तुळस आणि आतोबांनी पावसात भिजताना उचलून आणलेला एक भुरा बोका, नाव गोट्या. आतोबांच्या आरामखुर्चीवर बसायचा हक्क आता फक्त त्याला आहे. पाहुणा चुकून बसला तर आत्या सरळ सांगते, "थंय नको, ती त्याची."

गेल्या श्रावणात हा गोट्या कोणाशी तरी भांडून आला. पहिल्या दिवशी काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी तो थोडा लंगडला. तिसऱ्या दिवशी खुर्चीखाली जाऊन बसला आणि खाणे सोडले. चौथ्या दिवशी आत्याचा बेळगावला फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे आधी सगळ्यांची खुशाली आणि मग पाऊस. त्या दिवशी तिने खुशाली विचारलीच नाही.

दुसरे दिवशी रविवार होता. मी आणि सौ. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरलो, साखळी, डिचोली करीत दुपारी पेडण्याला पोचलो.

आमची सौ. धारवाडची. तिच्या माहेरी कायम दोन-चार मांजरे. तिने जाड टॉवेल मागितला, गोट्याला त्यात गुंडाळले, फक्त तोंड आणि एक पाय बाहेर ठेवला आणि "सुम्न कुंद्रप्पा, सुम्न कुंद्रु" असे म्हणत केस बाजूला करून पाहू लागली. (कन्नड न येणाऱ्या गोव्याच्या बोक्याने ते ऐकले, हे मी साक्षीदार म्हणून नोंदवतो.) गालावर आणि पुढच्या पायावर गाठ आली होती, हाताला गरम लागत होती. ती म्हणाली, "आत्ती, गाय आग्यद, वळग कीव तुंब्यद."

आत्या गोंधळली. "गाय? गाय खंयची गो?"

आपल्या घरांतून हे नेहमी होते. कन्नडात गाय म्हणजे जखम. आणि कीव म्हणजे पू! मराठीत ज्या शब्दाने आपण दया दाखवतो, तोच शब्द कन्नडात जखमेत साठतो. आत्याला अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, "मग दोनूय कीव आसात त्याच्याकडे."

आता या जखमेचे शास्त्र थोडे समजून घेऊ, कारण इथेच बहुतेक घरे फसतात. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक आणि लांब असतो. तो कातडीत घुसतो तेव्हा वर जेमतेम एक ठिपका पडतो, पण तोंडातले जंतू खोलवर पेरले जातात. मांजराच्या तोंडात सर्रास आढळणारा 'पाश्चुरेला' हा जंतू त्यांतला प्रमुख. वरचे भोक लवकर मिटते, आतले जंतू अडकतात आणि दोन ते पाच दिवसांत तिथे गळू तयार होते. ताप येतो, जनावर मलूल होते, खात नाही. केसांमुळे बाहेरून काही दिसत नाही. म्हणून भांडणाच्या दुसऱ्या दिवशी "काही झालेले नाही" असे समजून स्वस्थ बसू नये. रोज सगळ्या अंगावरून हलका हात फिरवावा. गरम लागणारी, सुजलेली किंवा हात लावताच अंग चोरते अशी जागा शोधावी.

जाणकार आणखी एक गंमत सांगतात. समोरासमोर लढलेल्या मांजराच्या जखमा बहुधा डोके, मान आणि पुढच्या पायांवर असतात, पळून आलेल्याच्या शेपटीच्या बुडाशी. गोट्याच्या सगळ्या जखमा पुढच्या बाजूला होत्या. हे ऐकून आत्याला त्या काळजीतही जरा बरे वाटलेले दिसले.

शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाई तेवढ्यात आल्या. म्हणाल्या, "ताप आसा तर अर्धी तापाची गोळी दुधातून दी." सौ.ने जवळजवळ ओरडूनच त्यांना थांबवले. तिच्या माहेरचे एक मांजर कोणीतरी प्रेमाने दिलेल्या अशाच गोळीने गेले होते. वाचकहो, हे वाक्य कापून स्वयंपाकघरात चिकटवा: पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचे यकृत ज्या रसायनाने ही गोळी निकामी करते ते मांजराच्या यकृतात पुरेसे नसते. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते आणि एका गोळीनेही जीव जातो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन याही गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत. डेटॉल, फिनेल, रॉकेल यांतले काहीही जखमेवर लावू नये. मांजर अंग चाटते, म्हणजे लावलेले सगळे पोटात जाते. हळदीने जखमेचे तोंड बुजवले तर पू आतच कोंडतो.

घरी करायचे ते एवढेच. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवावे आणि स्वच्छ कापडाने जखम पुसावी. गळू आपण होऊन फुटले असेल तर वाहू द्यावे, दाबून पिळू नये. मग डॉक्टर. गळू योग्य जागी उघडणे, आत धुणे, प्रतिजैविक देणे हे त्यांचे काम. ते वेळेवर झाले नाही तर विष रक्तात भिनते, कधी हाडापर्यंत, कधी छातीपर्यंत पोचते.

रविवारी तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बंद होता. डिचोलीला आतेबहिणीच्या ओळखीचे एक डॉक्टर घरी तपासत होते. प्रश्न आत्याचा होता. आतोबा गेल्यापासून ती एक रात्रही घराबाहेर राहिलेली नव्हती. लेकीने किती वेळा बोलावले, पण दिवा कोण लावणार, तुळशीला पाणी कोण घालणार, ही तिची उत्तरे ठरलेली. त्या दुपारी तिने शेजारणीच्या हाती किल्ली दिली, गोट्याची टोपली मांडीवर घेतली आणि गाडीत बसली. कोणी आग्रह करायची वेळच आली नाही.

वाटेत सौ.चे लक्ष गेले. आत्या उजवा हात पदराखाली धरून बसली होती. पदर बाजूला केला तर अंगठा टरटरून सुजलेला. आदल्या संध्याकाळी जखम पुसताना गोट्या चावला होता. "घरचेच माजर, त्याका काय होता?" एवढे बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली.

डिचोलीत पोचताच बोका आतेबहिणीकडे सोपवून आम्ही आत्याला आधी सरकारी इस्पितळात नेले. मांजर चावले तर काय करायचे हे पुष्कळ सुशिक्षित घरांतही माहीत नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चुना, मिरची, हळद काही भरायचे नाही. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा गैरसमज आहे, पिसाळलेले कुत्रे चावलेले मांजरही तो देऊ शकते. गोट्याला लस टोचलेली नव्हती आणि तो कोणाशी भांडला हे कोणी पाहिले नव्हते. डॉक्टरांनी जखमेत सीरम दिले आणि लस सुरू केली. कातडीत द्यायची लस असेल तर पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असा क्रम असतो. दंडात दिली तर चौदावा दिवसही येतो. सुजलेल्या अंगठ्यासाठी प्रतिजैविक वेगळे, कारण मांजराचा दात बोटाच्या सांध्यात गेला तर बोट कायमचे आखडू शकते.

"गोव्यात आता रेबीज खंय आसा?" असे तिथे रांगेत कोणीतरी म्हणाले. त्यात तथ्य आहे. २०१४ पासून राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी गावोगाव जाऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले. कुत्र्यांमधल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे शोधनिबंधातून प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. हे काम मोठेच आहे. पण नियंत्रित म्हणजे नाहीसा झालेला नव्हे. पेडण्याला सिंधुदुर्ग लागून आहे, डिचोलीला दोडामार्ग. कुत्री-मांजरे चेकपोस्टवर थांबत नाहीत. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ काहीच हाती राहत नाही, म्हणून लस टाळण्याचा जुगार कोणी खेळू नये.

गोट्याचे गळू त्या संध्याकाळी उघडले. पुढचे पंधरा दिवस आत्या लेकीकडे राहिली. जखम चाटू नये म्हणून जावयाने जुन्या एक्स-रे फिल्मची गळपट्टी कापून दिली. वाळू-माती जखमेला चिकटते म्हणून शी-शूसाठी टोपात वर्तमानपत्राचे तुकडे ठेवले. जखमेवर माशी बसून अळ्या होतात, पावसाळ्यात तर फारच लवकर, म्हणून त्याला घरातच कोंडले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून वेगळेच दुखणे उभे राहते, तेव्हा त्याला खायला घालणे हे औषधच. मांजर नाकाने जेवते. अन्न जरा कोमट केले की वास सुटतो. कांदा-लसूण मात्र त्यात अजिबात नको, तेही त्याला बाधते.

श्रावण कडक पाळणारी आमची आत्या लेकीच्या परसात तीन दगडांची चूल मांडून बांगडा उकडायची, काटे काढायची आणि भरवायची. जावई हसला तर म्हणाली, "श्रावण माझा, त्याचो न्हय." औषधपाण्याचा खर्च ऐकून कोणीतरी म्हटले, यात एक चांगली साडी आली असती. त्यावर तिचे उत्तर होते, "साडी खुर्चेर बसून माझी वाट पळयता?"

जखम भरल्यावर डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या: रेबीजची लस आणि खच्चीकरण. दुसरीला आत्याने विरोध केला. "त्याचो पुरुषपणा काढून घेवचो?" पण विचार करू. खच्ची केलेला बोका कमी भटकतो, कमी भांडतो. मांजरांमध्ये एड्ससारखा एक विषाणू चावण्यातून पसरतो (माणसाला तो होत नाही), त्याचा धोकाही घटतो. परसात दर वर्षी जन्मून मरणारी पिल्ले कमी होतात, हा आणखी एक लाभ. पाच-सहा महिन्यांचा झाला की बोक्याची ही शस्त्रक्रिया करता येते, आणि ती लहान असते. शेवटी आत्याला कशाने पटले माहीत नाही. आतेबहीण सांगते, त्या रात्री ती गोट्याला विचारत होती, "तू परत गेलंस तर हांव कोणाक हाक मारू?" सकाळी ती डॉक्टरांना हो म्हणाली.

"बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट" ही म्हण आपल्या घरांत सगळ्यांना पाठ आहे. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. मांजराचाही जीव टांगणीला लागतो आणि त्याच्याबरोबर कुणा म्हाताऱ्या माणसाचा, हे म्हणीत आलेले नाही. आपल्या ओळखीत एकटी राहणारी अशी कोणी आजी, आत्या, मावशी असेल आणि तिच्याकडे मांजर असेल, तर पुढच्या भेटीत मिठाईच्या पुड्याबरोबर जवळच्या पशुवैद्यांचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि तिच्या फोनशेजारी भिंतीवर लावा. मांजराच्या लसीची तारीखही त्याखाली लिहा. आणि निघताना तिचे दोन्ही हात एकदा हातात घेऊन नीट बघा.