पहिली मोटार : जिव्हाळ्याची आणि सक्तीची

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत ज्या आठवणी ठेवणीतल्या वस्त्रांप्रमाणे अधूनमधून उलगडून पाहिल्या जातात, त्यांत घरच्या पहिल्या मोटारीची आठवण हटकून असते. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि भोवती शेजाऱ्यापाजाऱ्यांसह उभे राहिलेले सारे घर, असे एखादे छायाचित्र पुष्कळांच्या संग्रही सापडेल. आज दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा क्रमांक सांगताना अडखळणारा गृहस्थ आपल्या पहिल्या गाडीचा क्रमांक मात्र श्लोकासारखा म्हणून दाखवतो. एका यंत्रावर माणसांचा इतका जीव का जडावा? आणि नंतर आलेल्या, सर्वच बाबतींत सरस असलेल्या गाड्यांवर तो का जडू नये? प्रश्न वरकरणी कौतुकाचा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की ते आपल्या आजच्या शहरांपर्यंत आणि पगारदारांच्या मासिक अंदाजपत्रकापर्यंत येऊन पोहोचते.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक म्हणजे 'जुने ते सोने', आणि दुसरे म्हणजे तारुण्यातल्या गोष्टी सर्वांनाच गोड वाटतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ज्या काळातल्या या आठवणी, तो काळ मोटार घेऊ इच्छिणाऱ्याला मुळीच सुखाचा नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. या पहिल्या नमुन्याला लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबॅसॅडर होत होती, मद्रासला स्टँडर्ड. एवढ्या तीन घराण्यांवर साऱ्या देशाची भूक भागवायची होती. देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ सुटे भाग जुळवणाऱ्या परदेशी कंपन्यांना टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर येथे स्थान उरले नाही. मुंबईतील शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने तर मोटारींची वाटणी आणि विक्रीही सरकारी नियमांत बांधली. नाव नोंदवावे, अनामत भरावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, हा क्रम ठरून गेला. ज्याचा क्रमांक लागे त्याला गाडी हाती येताच 'ऑन'ची लालूच दाखवणारे दलाल दारात उभे असत. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे काहीच कारण नाही. तीत कारखानदार निर्धास्त होता, दलाल खूश होता आणि सामान्य ग्राहक तेवढा ताटकळत होता.

शिक्षक किंवा कारकुनाच्या घरी मोटार आलीच तर ती बहुधा वापरलेली येई. प्रस्तुत लेखकाच्या घरी १९७९ साली आली तीही अशीच, एका डॉक्टरांनी बारा वर्षे जिवापाड सांभाळलेली फियाट. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेले पैसे आणि पत्नीची शिलकी यांवर तो व्यवहार पार पडला. इंजिन १०८९ सी. सी. चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला आणि पुढची बैठक सलग बाकासारखी. त्यामुळे पुढे तिघे नि मागे चौघे, शिवाय मांडीवरची मुले वेगळी, असा हिशेब कुणालाच गैर वाटत नसे. सकाळच्या गारठ्यात चोक ओढून इंजिनाची मनधरणी करावी, रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासावेत, रेडिएटरमध्ये पाणी पाहावे, हा घरातल्या मुलांचा आवडता संस्कार होता. त्या काळच्या बहुतेक गाड्या खंडाळ्याचा घाट चढताना तापत. मग वाटेत थांबून बॉनेट उघडायचे, पाणी ओतायचे आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी एक नाणे टाकून पुढे निघायचे. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने तो सक्तीचा विसावा संपवला, हे उत्तमच झाले. परंतु घाट चढल्याचे समाधानही त्याच्याबरोबर संपले.

या आठवणींकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत गाडीच्या वेगाचे वर्णन जवळजवळ नसते. असते ते माणसांचे. शेजारच्या वहिनींना मध्यरात्री प्रसूतिगृहात पोहोचवले, समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीची पाठवणी या गाडीतून झाली, वाड्यातल्या आजोबांना आळंदीचे दर्शन घडले, अशा त्या हकिगती असतात. मालकी कागदोपत्री एकाची असली तरी उपयोग साऱ्या आळीचा होता. ही उदारता केवळ मनाच्या मोठेपणातून आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दहा घरांत मिळून एकच मोटार होती, म्हणून ती वाटून घ्यावी लागली.

मात्र या जिव्हाळ्याचे खरे कारण याहूनही खोल आहे. पहिल्या मोटारीवर आपण प्रेम करू शकलो, कारण तिच्यावाचून आपले काही अडत नव्हते. गाडीचा मालक असलेला शिक्षकदेखील सोमवारी सकाळी शाळेत सायकलनेच जाई. मुंबईचा कारकून लोकल आणि बेस्टच्या बसने कचेरी गाठी. गावी जायचे तर १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ते पुणे या मार्गावर पहिली फेरी करून सुरू झालेली एस. टी. होतीच, तिची लाल गाडी उशिरा का होईना, पण येई. मोटार निघे ती सणाला, सहलीला किंवा कुणाच्या नडीला. जी वस्तू गरजेपोटी जुंपलेली नसते, तीच आनंदाची होऊ शकते. बैलाला पोळ्याच्या दिवशी सजवतात, परंतु त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

आज नेमके उलटे घडले आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिची किंमत ४७,५०० रुपयांच्या आसपास होती. १९९३ साली प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरचे परवान्याचे बंधन उठले आणि तीस-पस्तीस वर्षांची टंचाई पाहता पाहता ओसरली. हे स्वागतार्हच होते. अँबॅसॅडर आणि मारुती ८०० या दोघींचेही उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा तिला निरोप द्यायला हळहळणारी माणसे जमली. पण त्याच महानगरांत शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड करणारा तरुण शिक्षक मोटार घेतो तो हौसेने नव्हे. बसथांबा दूर आहे, बस केव्हा येईल याचा भरवसा नाही, मुलाची शाळा एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून घेतो. तिचा हप्ता पाच-सात वर्षे पगारातून कापला जातो आणि तिचा बहुतेक काळ चौकातल्या कोंडीत किंवा उभी करायला जागा शोधण्यात जातो. अशा गाडीवर कुणी कविता करावी तरी कशी? ती सोय म्हणून आली आणि सक्ती होऊन बसली.

यावर असा आक्षेप येईल की, ज्यांनी आपली हौस भागवून घेतली तेच आता पुढच्या पिढीला बसने फिरण्याचा उपदेश करीत आहेत. आक्षेप रास्त आहे. कारकुनाने मोटार घेऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. परंतु प्रश्न घेण्याच्या हक्काचा नसून न घेण्याच्या मुभेचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी जेमतेम सात-आठ कुटुंबांकडेच मोटार आहे. उरलेल्या नव्वदांहून अधिक घरांतला विद्यार्थी, नर्स, दुकानातला नोकर बसच्या आणि रेल्वेच्या भरवशावर घराबाहेर पडतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. चा संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींच्या शाळा-महाविद्यालयांची वाट किती बिकट झाली, हे महाराष्ट्राने पाहिले. उलट मार्च २०२३ मध्ये एस. टी. त महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली, तेव्हा गाड्यांतली गर्दी वाढली. लोकांना बस नको आहे हा समज त्या गर्दीनेच खोटा ठरवला. लोकांना वेळेवर येणारी आणि परवडणारी बस हवी आहे.

तेव्हा जुन्या आठवणींतून घ्यायचे ते एवढेच. प्रतीक्षायादी आणि परवान्यांचे ते राज्य पुन्हा नको. तापणारे रेडिएटर नकोत, दलाल तर नकोतच. मात्र मोटारीविना ज्याचे अडत नाही असा नागरिक पुन्हा हवा. उड्डाणपूल बांधताना जी तत्परता दिसते, तिचा काही अंश नव्या बसगाड्या घेण्यात, पदपथ मोकळे करण्यात आणि वसाहत उभी राहण्याआधी तेथे बसचा मार्ग आखण्यात दिसला पाहिजे. नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडणुकांत मत मागायला येणाऱ्यास पगारदार मतदाराने प्रथम हाच प्रश्न विचारावा की, माझ्या दारावरून बस किती मिनिटांनी जाईल? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी हप्त्याचा बोजा कुणी नाइलाजाने डोक्यावर घेणार नाही. ज्याला हौस असेल तो खुशाल मोटार घेईल, रविवारी धुऊन-पुसून चकचकीत करील आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन फिरायला नेईल. पहिल्या मोटारीचा आनंद पुढच्या पिढीलाही लाभावा असे खरोखरच वाटत असेल, तर त्यासाठी आधी बस वेळेवर आली पाहिजे.